आम्ल, आम्लारी आणि क्षार : एका संकल्पनेचा इतिहास आणि मराठी परिभाषा

प्रस्तावना

प्रथम वर्ष विज्ञान शाखेच्या एका चाचणीत काही वर्षांपूर्वी 'बेस म्हणजे काय?' असा साधा प्रश्न होता. मुळशी खोऱ्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, की बेस म्हणजे क्षार. प्रस्तुत लेखकाने त्यावर लाल रेघ ओढली, कारण दहावीपर्यंतच्या मराठी पाठ्यपुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट आणि बेस म्हणजे आम्लारी. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी दोन कागद घेऊन आला. एक होते हिंदी संदर्भपुस्तकाचे पान. त्यात बेसला क्षारक, अल्कलीला क्षार आणि सॉल्टला लवण म्हटले होते. दुसरी होती घरच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका. तीत 'सामू' आणि 'क्षारता' असे दोन वेगळे रकाने होते आणि क्षारता विद्युत वाहकतेवरून काढलेली होती. त्याचा प्रश्न असा होता : क्षार जर बेस असेल तर सामू असताना क्षारता वेगळी कशाला मोजायची, आणि क्षार जर मीठ असेल तर हिंदी पुस्तक चुकले काय?

या प्रश्नाला परिभाषा कोशातून उत्तर मिळत नाही. ते इतिहासातून द्यावे लागते. आम्ल आणि आम्लारी यांच्या व्याख्या गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदलल्या. प्रत्येक व्याख्येने आपापल्या काळचा एखादा शब्द मागे ठेवला. मराठीत आज एकाच विषयासाठी तीन शब्दसंच चालू आहेत. शालेय पुस्तकांतील आम्ल–आम्लारी–क्षार हा पहिला, १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशातील अम्ल–क्षारक–लवण हा दुसरा आणि कृषी खात्याच्या लेखनातील आम्ल–विम्ल–सामू हा तिसरा. हे तीन संच समानार्थी आहेत असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ते त्या संकल्पनेच्या इतिहासातील वेगवेगळ्या थरांवर उभे आहेत, असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चव आणि राख

आम्ल हा मुळात चवीचा शब्द आहे. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या षड्रसांपैकी तो एक. लॅटिनमधील ज्या शब्दावरून 'ॲसिड' आला तोही आंबटपणाचाच वाचक आहे. 'लवण' हीदेखील चव. 'क्षार' मात्र या सहांच्या यादीत नाही. तो चवीपेक्षा कृतीवरून आलेला शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात त्याची व्युत्पत्ती झिरपणे आणि नष्ट करणे या दोन अर्थांच्या धातूंवरून दिली आहे. वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, गाळावी व आटवावी, म्हणजे जो दाहक पदार्थ मिळतो तो क्षार. अरबीतील ज्या शब्दापासून 'अल्कली' झाला तोही राखेशीच निगडित आहे.

या अध्यायातील रसायन वाचण्यासारखे आहे. तेथे क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार सांगितले आहेत. केवळ राखेचे पाणी आटवून मिळतो तो मृदू. त्यात भाजलेले शिंपले किंवा चुनखडीसारखे पदार्थ घातले म्हणजे क्षाराची दाहकता वाढते. आजच्या भाषेत राखेतील पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया होऊन कॉस्टिक पोटॅश तयार होते आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. तयार क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी भांड्यात ठेवावा असेही तेथे म्हटले आहे. झाकण कशासाठी याचे कारण आपल्याला ठाऊक आहे : कॉस्टिक उघडे राहिले तर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा मृदू होते. हेच कोडे युरोपात जोसेफ ब्लॅक याने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी उलगडले. मृदू आणि दाहक अल्कली यांतील फरक एका वायूचा आहे, हे त्याने तराजूवर सिद्ध केले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास लिहिताना सुश्रुतातील या कृतीकडे आवर्जून लक्ष वेधले होते, ते योग्यच होते. तरीही कृती आणि स्पष्टीकरण यांत अंतर राखले पाहिजे. वायूची कल्पना ब्लॅकची आहे. ती सुश्रुतात शोधू नये.

मात्र त्याच अध्यायात एक प्रश्न विचारलेला आहे आणि तो खऱ्या अर्थाने सैद्धांतिक आहे. क्षाराने जाळलेल्या जागी कांजीसारखे आंबट पदार्थ लावले की आग शमते. आंबट पदार्थही तीक्ष्ण आणि उष्ण मानलेले असताना त्याने दाह कमी कसा व्हावा? उत्तर असे दिले आहे, की क्षारात अम्ल सोडून इतर सर्व रस असतात. अम्लाशी संयोग झाला की त्याचा तीक्ष्ण लवणरस माधुर्य पावतो आणि पाण्याने अग्नी शमावा तसा तो शमतो. हे उदासिनीकरणाचे स्पष्टीकरण आहे. ते रसांच्या भाषेत आहे म्हणून आज स्वीकारता येत नाही, परंतु दोन तीव्र पदार्थ मिळून सौम्य तिसरा का होतो हा प्रश्न नेमका मांडला गेला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

बाजारातील मराठीने 'क्षार' चा 'खार' केला आणि त्याचा अर्थ सैल केला. पापडखार, साजीखार, जवखार हे अल्कलीधर्मी. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, जो रसायनशास्त्रीय दृष्ट्या सॉल्ट आहे. आणि खारे पाणी, खारट, खारवणे ही तर सरळ मिठाची कुटुंबीय मंडळी. राखेतून, जमिनीतून किंवा समुद्रातून पाण्यात उतरणारे आणि आटवल्यावर मागे राहणारे ते सर्व खार. या शब्दात अज्ञान शोधण्याचे कारण नाही. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत 'साल' या एका नावाखाली मीठ, सोरा, तुरटी, सोडा अशी सगळी मंडळी बसत होती.

बेस हा शब्द कोठून आला

रॉबर्ट बॉइल याने १६६४ मध्ये रंगांविषयीच्या ग्रंथात जांभळ्या फुलांच्या पाकाचा रंग आम्लाने तांबडा व अल्कलीने हिरवा होतो हे नोंदविले. चवीऐवजी डोळ्यांनी पारख करण्याची सोय झाली. दोनच वर्षांनी ऑटो टाखेनियस याने सर्व सॉल्ट आम्ल व अल्कली यांपासून बनतात असे मांडले. 'बेस' ही संज्ञा मात्र रूएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. त्याला आढळले, की आम्ल केवळ अल्कलीशीच नव्हे, तर चुना, धातू यांच्याशीही संयोग पावून सॉल्ट देते. उडून जाणाऱ्या आम्लाला घनरूप देणारा आधार, पाया, तो बेस. म्हणजे बेसची ओळख स्वतःच्या गुणावरून नसून सॉल्टच्या घडणीतील कामावरून ठरली.

येथे मराठीतील एक गंमत नोंदवावीशी वाटते. विश्वकोशाने 'क्षारक' हा शब्द घेतला तो क्षार म्हणजे अल्कली या जुन्या अर्थावरून. परंतु शालेय पुस्तकातील 'क्षार' चा अर्थ, म्हणजे सॉल्ट, धरून तोच शब्द वाचला तर क्षारक म्हणजे सॉल्ट करणारा असा अर्थ निघतो आणि तो रूएलच्या व्याख्येशी अगदी तंतोतंत जुळतो.

यानंतर आम्लपणाचे कारण एखाद्या मूलद्रव्यात शोधण्याचा काळ आला. लव्हॉझिए याने ज्वलनातून आम्ल देणाऱ्या वायूला 'ऑक्सिजन', म्हणजे आम्लजनक, असे नाव दिले. गंधक, फॉस्फरस, कार्बन यांच्याबाबत ते पटण्यासारखे होते. हायड्रोक्लोरिक आम्लाने ते खोटे पाडले. हम्फ्री डेव्ही याला त्यात कितीही शोधून ऑक्सिजन सापडेना, आणि १८१० मध्ये त्याने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले. १८३८ मध्ये लीबिग याने आम्ल म्हणजे धातूने विस्थापित करता येणारा हायड्रोजन असलेले संयुग, अशी व्याख्या दिली. नाव मात्र राहून गेले. जर्मन भाषा आजही ऑक्सिजनला आंबट द्रव्य म्हणते. मराठीने 'प्राणवायू' म्हणून श्वासावरून नाव दिले आणि या चुकीतून ती, बहुधा अनवधानाने, सुटली.

आयन, सामू आणि आम्लाचा शत्रू

स्वांटे ऱ्हेनियस याने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाला परीक्षकांनी खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात विरघळताना विद्युत्‌अपघटनी पदार्थांचे आयन सुटे होतात, आम्लापासून हायड्रोजन आयन मिळतो, बेसपासून हायड्रॉक्साइड आयन मिळतो, आणि उदासिनीकरण म्हणजे या दोहोंपासून पाणी बनणे. कोणतेही तीव्र आम्ल व कोणताही तीव्र बेस घेतला तरी मोलमागे जवळपास सारखीच उष्णता का बाहेर पडते, याचे उत्तर या एका वाक्यात मिळाले.

'आम्लारी' हा शब्द या चौकटीत चपखल बसतो. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. दोघे समोरासमोर आले की एकमेकांचा गुण नाहीसा करतात. शाळेतील प्रयोगासाठी याहून सुबक शब्द सापडणे कठीण. विश्वकोशाच्या 'क्षारक' या शब्दापेक्षा तो विद्यार्थ्याच्या अधिक लक्षात राहतो, हा अध्यापनातील अनुभव आहे.

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन याने हायड्रोजन आयनांच्या संहतीसाठी लघुगणकी मापन सुचविले. प्रथिने व विकरे यांच्या कामात अतिशय लहान संहती पुन:पुन्हा लिहाव्या लागत, ही त्याची अडचण होती. त्याच मापनाला कृषी मराठीत 'आम्ल-विम्ल निर्देशांक' किंवा सुटसुटीतपणे 'सामू' म्हणतात. सामूने आम्ल व विम्ल ही दोन नावे एका पट्टीची दोन टोके केली. म्हणूनच माती परीक्षणात सामूबरोबर 'क्षारता' वेगळी मोजावी लागते. सामू हायड्रोजन आयनांविषयी सांगतो. तेथील क्षारता एकूण विद्राव्य सॉल्टविषयी. क्षारपड जमीन व चोपण जमीन यांत शेतकरी करीत असलेला भेद या दोन रकान्यांत उतरला आहे. हिंदी पुस्तकातील क्षारीयता हा शब्द घेऊन कोणी मराठी पत्रिका वाचू लागला, तर खारपणाला तो अल्कलीपणा समजेल आणि जमिनीवर भलताच उपाय करील. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते.

१९२३ : शब्द अपुरा पडतो

ऱ्हेनियसची व्याख्या पाण्यापुरती होती. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन कोरडे वायू एकत्र आले की पांढरा धूर होतो आणि नवसागर तयार होतो. तेथे पाणी नाही, हायड्रॉक्साइड नाही, तरी आम्ल आणि बेस यांचा संयोग झालेला डोळ्यांना दिसतो. १९२३ या एकाच वर्षी कोपनहेगनमध्ये ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजमध्ये लाउरी यांनी स्वतंत्रपणे तोडगा काढला : आम्ल प्रोटॉन देते, बेस प्रोटॉन घेतो. प्रोटॉन दिल्यावर आम्लाचे जे उरते ते स्वतःच एक बेस असते. ॲसिटिक आम्लापासून ॲसिटेट, अमोनियम आयनापासून अमोनिया. पाणी तर जोडीदार पाहून दोन्ही भूमिका करते.

'आम्लारी' हा शब्द नेमका येथे अडखळतो. ॲसिटेटला आपण ॲसिटिक आम्लाची 'संयुग्मी आम्लारी' म्हणतो, तेव्हा आम्लाच्याच पोटी जन्मलेल्याला त्याचा शत्रू म्हणत असतो. शिवाय आम्ल आणि बेस या पदार्थांच्या दोन जाती नसून एका देवाणघेवाणीतील दोन भूमिका आहेत, हा ब्रॉन्स्टेडच्या मांडणीचा गाभा आहे. शत्रुत्वाच्या रूपकात तो दिसत नाही. प्रथम वर्षाच्या वर्गात जो गोंधळ होतो त्याचे खापर आपण बहुधा विद्यार्थ्याच्या इंग्रजीवर फोडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते अडचण इंग्रजीची कमी आणि दहावीच्या मराठी शब्दाने पक्क्या केलेल्या चित्राची अधिक आहे.

त्याच वर्षी गिल्बर्ट लुईस याने संयुजेविषयीच्या ग्रंथात आणखी व्यापक व्याख्या दिली : आम्ल इलेक्ट्रॉन-युग्म स्वीकारते, बेस ते देतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हायड्रोजन नाही, पण अमोनियाच्या इलेक्ट्रॉन-युग्मासाठी त्यात रिकामी जागा आहे. १९३८ मध्ये या विषयाकडे परतल्यावर लुईसने म्हटले, की आम्लांचा गट हायड्रोजनयुक्त पदार्थांपुरता ठेवणे हे ऑक्सिडीकारक म्हणजे ऑक्सिजनयुक्तच पदार्थ असे म्हणण्याइतकेच घातक आहे. पुढे लक्स (१९३९) व फ्लड (१९४७) यांनी वितळलेल्या ऑक्साइडांसाठी ऑक्साइड आयनाच्या देवघेवीची व्याख्या केली, तर १९६३ मध्ये राल्फ पिअर्सन याने लुईस आम्ल-बेस यांचे कठीण व मृदू असे वर्गीकरण दिले. 'मृदू' हा शब्द पुन्हा आला खरा, पण सुश्रुताच्या अर्थाने नव्हे.

मुळशीचा खडक आणि मुळशीची माती

या व्याख्या एकामागून एक आल्या म्हणून पहिल्या बाद झाल्या असे वर्गात सांगितले जाते. मुळशी तालुक्यातील कोणत्याही टेकडीवर उभे राहून पाहिले तर ते पटत नाही.

येथील खडक दख्खनचा बेसाल्ट. भूविज्ञान त्याला 'बेसिक' खडक म्हणते. हे नाव बर्झीलियसच्या काळचे आहे. सिलिका हे आम्ल आणि धातूंची ऑक्साइडे हे बेस, असे तेव्हा मानत. ज्यात सिलिका कमी, साधारण ४५ ते ५२ टक्के, तो बेसिक. विश्वकोशाने त्याला 'अल्पसिकत' म्हणून हा जुना सिद्धांत शब्दातून काढून टाकला आहे, आणि ते स्तुत्य आहे. पण लक्स–फ्लड यांच्या दृष्टीने पाहिले तर वितळलेल्या सिलिकेटांत सिलिका खरोखरच आम्लाचे काम करते.

या बेसिक खडकापासून सह्याद्रीच्या माथ्यालगत, ताम्हिणीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात जी तांबडी माती होते ती मात्र आम्लधर्मी असते. हजारो वर्षांचा पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम धुऊन नेतो. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. मातीतील ॲल्युमिनियम आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. लहान आकाराचा आणि तीन धनप्रभारांचा हा आयन त्यांची इलेक्ट्रॉन-युग्मे स्वतःकडे ओढतो. हे लुईस आम्लाचे काम झाले. त्या ओढीमुळे पाण्याच्या रेणूतील प्रोटॉन सैल होऊन सुटतो. हे ब्रॉन्स्टेड आम्ल. सुटलेला प्रोटॉन सोरेन्सनच्या सामूत दिसतो. ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली मात्र शालेय पुस्तकाप्रमाणे 'क्षार' या कपाटातच ठेवावी लागते. एका चिमूटभर मातीत चार शतकांच्या व्याख्या एकाच वेळी खऱ्या असतात.

याच मातीत भात होते. आंबेमोहराच्या ज्या खोऱ्यासाठी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला त्याचा मोठा भाग टाटांच्या धरणाखाली गेला. उरलेल्या उतारांवर आणि खाचरांत भात आजही आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत सह्याद्रीत व कोकणात जुनी आहे. शेण, फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर वाफ्यावर रचून पावसाळ्यापूर्वी ते जाळतात. फांद्या तोडण्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वनखाते आणि शेतकरी यांच्यात बराच वाद झाला. राख क्षारधर्मी, माती आम्लधर्मी, म्हणून राब म्हणजे उदासिनीकरण, असे उत्तर देण्याचा मोह रसायनाच्या शिक्षकाला होतो. प्रस्तुत लेखकही वर्गात अनेक वर्षे तसेच सांगत असे.

ते अपुरे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राब पद्धतीवर १९१२ मध्ये स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. त्याआधी तीनच वर्षे इंग्लंडात रसेल व हचिन्सन यांनी नुसती माती तापविल्यानेही तिची सुपीकता बदलते, कारण मातीतील सूक्ष्मजीवांचा तोल बदलतो, असे दाखविले होते. तेव्हा राबात राखेचा वाटा आणि आगीचा वाटा वेगळा करून पाहणे आवश्यक ठरते. तणाचे बी जळते, तापलेल्या मातीतील सेंद्रिय द्रव्य बदलते, राखेतून पोटॅश मिळते; आम्लता कमी होणे हा त्यांतील एक धागा. शिवाय लावणीनंतर खाचरात पाणी साचले, की हवेअभावी लोहाचे क्षपण होते, त्यात हायड्रोजन आयन खर्ची पडतात आणि आम्ल मातीचा सामू काही आठवड्यांत आपोआप उदासीनतेकडे सरकतो. येथे आम्लाचा शत्रू कोणीच नाही. इलेक्ट्रॉनांच्या हस्तांतराबरोबर प्रोटॉन वापरला जातो, इतकेच.

परिभाषेविषयी

तीन शब्दसंचांपैकी एक निवडून इतर दोन बाद करावेत, अशी सूचना अधूनमधून होते. ती व्यवहार्य वाटत नाही. 'क्षार' हा शब्द सॉल्टच्या अर्थाने पाण्याच्या तपासणीपासून मूतखड्यापर्यंत मराठीत इतका रुळला आहे, की त्याच्या जागी 'लवण' आणणे शक्य नाही. आणि 'सामू' शेतकऱ्याच्या तोंडी बसला आहे. पदवी स्तरावर मात्र 'आम्लारी' हा शब्द ऱ्हेनियसच्या चौकटीपुरता ठेवून ब्रॉन्स्टेडपासून पुढे 'बेस' हाच शब्द देवनागरीत वापरावा, आणि लुईसच्या मांडणीत 'इलेक्ट्रॉन-युग्म दाता' व 'ग्राही' ही नावे प्रथम सांगून मग आम्ल-बेस ही नावे द्यावीत, असे सुचवावेसे वाटते. प्रश्नपत्रिकेत 'क्षार' शब्द आला तर त्यापुढे 'सॉल्ट' असे छापण्यास अर्धी ओळही लागत नाही.

त्या चाचणीतील कापलेला गुण विद्यार्थ्याला परत दिला गेला. आता प्रथम वर्षाच्या या घटकाचा पहिला तास त्याच्या दोन कागदांच्या प्रतींनीच सुरू होतो. फळ्यावर तीन ओळींत तीन शब्दसंच लिहिले जातात आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना आपापली मृदा पत्रिका आणण्यास सांगितले जाते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, की पत्रिकेवरचा सामू पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या मातीचा आहे, मग भात उभे असताना तो खरा धरायचा का? पाणी भरलेल्या खाचरातील सामू मोजण्यासाठी वर्ग यंदा ऑगस्टमध्ये शेतावर जाणार आहे.